भाच्याचा फॉर्म

सांगलीच्या गावभागातल्या माहेरी कसलाही फॉर्म भरायचा असला की साताऱ्याच्या लेकीला बोलावणं जातं. तिच्या हातून एक रकाना चुकत नाही. भावाच्या पाच वर्षांच्या मुलाला तपासणीला न्यायचं ठरलं, तेव्हाही प्रश्नावली तिच्यासाठी राखून ठेवली होती. वहिनी सांगत होती, ती लिहीत होती. हाक मारली तरी बघत नाही. गाड्या खेळत नाही, नुसत्या रांगेत लावतो. मिक्सर लावला की कान झाकतो. पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, “यात डॉक्टरकडे नेण्यासारखं काय आहे? ही पण अशीच होती की!”

भाच्याला ऑटिझम असल्याचं पुढे नक्की झालं. आईचं वाक्य मात्र तिच्या डोक्यातून हलेना.

ती अडतीस वर्षांची. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका पतसंस्थेत हिशेब बघते. रोकड जुळेना की तिला हाक मारतात. डबा खायला मात्र कुणी बोलावत नाही, कारण ती ‘शिष्ट’ आहे. हळदीकुंकवाला जायच्या आधी ती वाक्यं घोकून ठेवते: परीक्षा कधी, गुडघे कसे आहेत, नळाला पाणी किती वाजता येतं. एवढ्यावर तास निभतो. घरी आल्यावर दार लावून अंधारात पडून राहावं लागतं. डॉक्टरांनी टेन्शनच्या गोळ्या दिल्या. झोप लागू लागली, बाकी होतं तसंच.

अशी निभावून नेणारी मुलगी कुणाच्या नजरेत का येत नाही, याचं उत्तर बरंचसं इतिहासात आहे. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ज्या 11 मुलांची नोंद केली, त्यांत मुली तीनच. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अॅस्पर्गर यांनी वर्णन केलेले चौघेही मुलगेच. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी 1920 च्या दशकातच मुलींबद्दलही लिहिलं होतं, पण ते दशकानुदशकं दुर्लक्षित राहिलं. चार मुलग्यांमागे एक मुलगी हे प्रमाण पाठच झालं होतं. 2017 मधल्या एका मोठ्या आढाव्यात ते तीनास एकच्या जवळ आलं. मधल्या काळात मोठ्या झालेल्या मुलींना कुणी लाजाळू म्हणालं, कुणी घुमी.

स्वतःचीही तपासणी करून घ्यायचं तिने घरी काढलं, तेव्हा नवऱ्याचा प्रश्न सरळ होता: “कागद मिळवून करायचं काय?” तिने त्याचाही हिशेब मांडला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण बहुतेक सवलती 40 टक्क्यांपासून पुढे. ऑटिझम मोजणारी आपल्याकडची ‘इसा’ ही मोजपट्टी 40 मुद्द्यांची. घरचं सगळं आवरून नोकरी करणारी बाई त्यात कितपत भरणार? सरकारी नोकरीतल्या चार टक्क्यांपैकी एक टक्का ऑटिझमसह अनेक गटांत वाटलेला. शिवाय घरात वयात येणारी मुलगी. उद्या स्थळं बघताना हा कागद कुणी काढला तर?

प्रमाणपत्राचा विचार तिने तिथेच सोडला. निदानाचा सोडला नाही, आणि ते बरोबरच केलं. सवलत नको असलेल्या माणसालाही आपण कशाने थकतो हे कळायला हवंच. गोळ्या कशावर चालू आहेत, हे तरी समजेल.

अडचण वेगळीच निघाली. मोठ्या वयात तपासणी करताना लहानपण विचारतात, आणि ते सांगणार आई. ती सांगलीला जाऊन आईसमोर बसली. आईने 2005 च्या महापुरापासून सुरुवात केली: मिरजेला नातेवाइकांकडे राहायला गेलो, वीस माणसं एका घरात, तू दोन दिवस तोंड उघडलं नाहीस, आम्हाला वाटलं पुराला घाबरलीस. पण तेव्हा ती अठरा वर्षांची होती. हवी होती पहिली काही वर्षं. मग हळूहळू निघालं. फ्रॉकच्या मानेवरचं लेबल कापल्याशिवाय घालायची नाही. वरातीचा बँड आला की पलंगाखाली. शाळेत जायच्या आधीच स्टँडवरच्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. आईच्या लेखी हे हुशारीचं लक्षण, ते ती अजून पाहुण्यांना सांगते.

“म्हणजे मी तेव्हाच न्यायला हवं होतं का गं तुला?” आईने विचारलं.

“तेव्हा कुणाला माहीत होतं, आई.”

पुण्यातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची वेळ ठरली आहे. आई बरोबर येणार आहे, पण एका अटीवर: भावकीत कुणाला कळता कामा नये. वहिनीला तर नाहीच नाही.

वहिनीला तिने सगळ्यांत आधी सांगितलं होतं.