खर्जाची जवारी

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटले की आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. तरुणांना ते हवे असते आणि बाकीच्यांना तो धांगडधिंगा वाटतो. ते तयार कसे होते, याची चौकशी फारसे कुणी करीत नाही. आम्ही मिरजेत राहतो, उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो, आणि आमचा धाकटा भाऊ दिवसा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून रात्री संगणकावर संगीत बनवतो. त्यामुळे ही चौकशी आम्हाला करावीच लागली. करता करता लक्षात आले, की त्यातला एक अवघड प्रश्न मिरजेच्या कारागिरांनी फार पूर्वीच सोडवून ठेवला आहे.

प्रश्न खर्जाचा आहे. गाण्याच्या तळाशी जी जाड, खालच्या सुरातली ओळ चालते तिला बेसलाइन म्हणतात. तिचे सूर साधारण 40 ते 100 हर्ट्झच्या आसपास असतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपने. आमच्या उर्दू पाठ्यपुस्तकात यालाच तअद्दुद म्हणतात, मराठीत वारंवारता. 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ 7 मीटर भरते. एवढी लांब लहर घराच्या भिंतीला जुमानत नाही. वरचे सूर मात्र भिंत अडवते.

आमच्या घरात भांडण पेटले ते याच कारणाने. भाऊ रात्री स्पीकरवर काम करी, आणि शेजारच्या खोलीत अम्मीला सूर, ताल काही न पोहोचता फक्त धब धब पोहोचे. "दीवार कूटता क्या रे?" असे ती आतून विचारी. तिचे म्हणणे सरळ होते: दुकानाचे काम नीट कर, हे बंद कर, यात सूर तरी कुठे आहे? भावाने हेडफोन घेतला, धब धब थांबली. पण तिचा शेवटचा प्रश्न तसाच राहिला. भावाच्या मनाला तोच लागला होता.

बी.एड.ला आम्हाला एक सूत्र शिकवले होते, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. मिरजेत ज्ञात म्हणजे तानपुरा. इथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तानपुरे बनतात. भोपळे पंढरपूर भागातून येतात, लाकूड बाहेरून येते. पण कान इथलाच. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तानपुऱ्याची चौथी तार खर्जाची. पुरुष गायकाच्या तानपुऱ्यात ती साधारण 70 हर्ट्झला लागते. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा घातलेला असतो. तो काढून तार छेडली तर आवाज बद्द येतो, लवकर विझतो. दोरा केसभर पुढे-मागे सरकवत योग्य जागी आणला की तीच तार उघडते, झणकारते, तिच्यातून वरचे कितीतरी सूर फुटू लागतात. हीच जवारी. घोडीचा माथा किंचित बाकदार घासलेला असतो. कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा अलगद स्पर्श करते आणि 70च्या पटीतले 140, 210, 280 असे स्वर जागे होतात. सर सी. व्ही. रामन यांनी 1921च्या सुमारास या घोडीचा अभ्यास केला होता. जुन्या नियमाप्रमाणे जे स्वर तारेत नसायला हवेत तेही इथे ऐकू येतात, हे त्यांनी दाखवले.

आता संगणकाकडे येऊ. भावाच्या बेसलाइनचा मूळ आवाज अगदी गुळगुळीत लहर होती. 55 हर्ट्झचा सूर असेल तर फक्त 55, वर काही नाही. मोठ्या स्पीकरवर ती छातीला जाणवते. मोबाईलचा इवलासा स्पीकर एवढा खालचा सूर वाजवूच शकत नाही. तिथे गाण्याचा तळच नाहीसा होतो. यावर इलाज म्हणजे सॅच्युरेशन आणि त्याचा थोरला भाऊ डिस्टॉर्शन. लहरीची टोके दाबून किंचित सपाट केली की तिच्यात 110, 165, 220, 275 असे वरचे स्वर तयार होतात. मोबाईल त्यांतले वरचे स्वर वाजवतो. ते सगळे 55च्या अंतराने आलेले पाहून आपला मेंदू खालचा 55 स्वतःच जोडून घेतो. न वाजलेला सूर ऐकू येतो. घोडी काम करते ते लाकूड-सुताने, यंत्र करते ते गणिताने. हेतू मात्र एकच, खर्जाला वरची वाट करून देणे.

पण दोरा जास्त सरकला तर तार खरखरते, तसेच इथेही. सगळ्या आवाजावर डिस्टॉर्शन चढवले तर तळ पातळ होतो. म्हणून भाऊ एका बेसलाइनच्या दोन वाटा करतो. 120 हर्ट्झच्या खालचा भाग स्वच्छ ठेवतो, त्याला हात लावीत नाही. वरच्या भागावर प्रयोग करतो आणि शेवटी दोन्ही एकत्र आणतो. आवाज डावी-उजवीकडे पसरवणारा कोरसही फक्त वरच्या वाटेवर. घुमारा देणारा रिव्हर्ब तळाला दिला तर चिखल होतो, म्हणून घुमाऱ्यातून खालचे सूर गाळून टाकायचे. ढोल आणि बेस एकाच वेळी एकाच जागी आले तर दोघेही दबतात. तेव्हा ढोल वाजला की क्षणभर बेस आपोआप खाली उतरेल अशी योजना करतात. तिला साइडचेन म्हणतात. आम्ही तिला लखनवी 'पहले आप' म्हणतो.

या विद्येत आपला वाटा नाही, असे कुणी समजू नये. 1981च्या सुमारास जपानच्या रोलँड कंपनीने टीबी-303 नावाचे छोटे यंत्र काढले. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी हा हेतू. आवाज खऱ्या बेस गिटारसारखा नसल्याने ते चालले नाही, 1984ला बंद पडले. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी मात्र 1982 साली याच यंत्राच्या साथीने दहा राग वाजवून तबकडी काढली. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय त्या यंत्रात होती. तिच्यात त्यांना मींड सापडली. तबकडी फारशी खपली नाही. पुढे शिकागोत फ्यूचर नावाच्या तरुणांच्या गटाने हेच यंत्र वापरले. ओळ वाजत असतानाच फिल्टरची बटणे पिळत राहिली, की आवाज मिटतो, उघडतो, चिरकतो. 1987 साली त्यांची तबकडी आली आणि अ‍ॅसिड हाऊस नावाचा प्रकार जगभर गेला. चरणजितजींची तबकडी 2010 साली परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा जगाचे तिच्याकडे लक्ष गेले. 2015 साली ते वारले. फेकून दिलेल्या यंत्रातही आवाज असतो, ऐकणारा कान हवा.

भावाने दोन वाटांचे काम महिनाभर केले. मग एका दुपारी त्याने ती ओळ अम्मीच्या साध्या मोबाईलवर लावली. तिने भाजी निवडता निवडता ऐकली आणि म्हणाली, "हां, अब गा रहा है." परवानगी वगैरे काही दिली नाही, पण त्या दिवसापासून बंद कर म्हणणेही थांबले.

अडचण मात्र पुढेच होती. लग्नाच्या डीजेवाल्याने त्याचा ट्रॅक घेतला. बेस कमी आवाजातही स्पष्ट कळतो, हे भावाने त्याला समजावले. वरातीत त्याने आवाज चढवलाच. 2000 सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. स्पीकरच्या भिंतीसमोर हे आकडे कोण विचारतो? गल्लीत तान्ही मुले असतात, हृदयाचे रुग्ण असतात, आणि त्यांच्या खोलीत पोहोचते ती फक्त धब धब. ऐकू येणे आणि मोठा आवाज असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळलेला माणूस आवाज चढवायच्या आधी सूर उघडून बघतो. भावाने त्या डीजेवाल्याला पुढचा ट्रॅक दिला नाही. पैसे बुडाले, पण तो तडजोडीला तयार नाही, आणि आम्हीही त्याला तसा आग्रह केला नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे एखादे पोर रात्री हेडफोन लावून बसत असेल. त्याला रागवण्याआधी एवढे करून पाहा. त्याची बेसलाइन घरातल्या सर्वांत लहान स्पीकरवर, हळू आवाजात लावायला सांगा. ऐकू आली, तर पोर मेहनत करते आहे असे समजावे. ऐकू आली नाही, तर त्याला एकदा मिरजेला घेऊन या. दोरा सरकवून दाखवणारे हात इथे अजून आहेत.