शिलालेखाची साक्ष

कागद खरा असणे आणि कागदातील मजकूर खरा असणे, या दोन गोष्टी वकिलाला नित्य वेगळ्या ठेवाव्या लागतात. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरील सही ज्याची दिसते त्याचीच आहे, असे न्यायालयाला गृहीत धरता येते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ही सवलत होती. २०२३ च्या नव्या अधिनियमातही आहे. मजकुराची सत्यता मात्र तीत येत नाही.

माझ्या भाचीने बांदिवड्याच्या श्रीनागेशावर शोधनिबंध लिहावयास घेतला. ‘देवस्थान सहस्र वर्षांचे’ हे तिचे प्रतिपादन. आधार सह्याद्रिखंडाचा आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या आख्यायिकेचा. सह्याद्रिखंड मलाही पूज्य आहे. परंतु डॉ. गर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली मुंबईत छापलेली त्याची प्रत अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध झालेली. तिच्यातील कोणता अध्याय कोणत्या शतकातला, हे शपथेवर कोणी सांगावे? ग्रंथ श्रद्धेचा साक्षीदार आहे, सनावळीचा नव्हे.

देवळातील शिलालेखाचे तसे नाही. तो इसवी सन १४१३ चा, विजयनगरच्या अमदानीतला. श्रीनागेश व श्रीमहालक्ष्मी यांच्यासाठी दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. दात्याला देवस्थानाचे वय सिद्ध करावयाचे नव्हते, दानाची व्यवस्था लावावयाची होती. म्हणूनच वयाविषयी त्याची साक्ष मोलाची. खटल्यासाठी घडविलेला कागद आणि वाद उद्भवण्यापूर्वी सहज लिहिलेला कागद, यांतील अंतर नवखा मुन्सफही ओळखतो. परंतु १४१३ साली देव येथे पूजिला जात होता, एवढेच तो दगड सांगतो. त्याआधी किती काळ, याविषयी तो मौन आहे आणि त्या मौनाचा अर्थ आपल्या सोयीने लावता येत नाही.

तिसवाडी, बार्देश, साष्टी येथील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. तेथे पोर्तुगीज सरकारने देवळांच्या जमिनींच्या ज्या नोंदी केल्या, त्याच आज आपल्या उपयोगी पडतात. प्रतिपक्षाच्या दप्तरातून निघालेली ही कबुलीच म्हणावयाची!

भाचीने ‘सहस्र वर्षे’ खोडून ‘निदान सहा शतके’ असे लिहिले. उत्सवाच्या स्मरणिकेसाठी निबंध मागणारे एक वृद्ध महाजन खट्टू झाले. मला म्हणाले, “वकीलबाब, देवाचे वय तुम्ही उणे केलेत.” मी म्हटले, “देवाचे नव्हे, आमच्या पुराव्याचे.” त्यांना ते फारसे पटले नसावे. आख्यायिका भाचीने गाळली नाही. ‘परंपरा’ या मथळ्याखाली तिला स्वतंत्र परिच्छेद दिला, आणि ती कोणाकडून ऐकली, तेही लिहून ठेवले.