पेरून निघालेली माणसं

श्रद्धेचा माणसाला आधार असतो, हे वाक्य आमच्या घरी जेवताना इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा कंटाळा आला होता. आधार असतो म्हणजे नेमकं काय होतं, ते कुणी सांगत नसे. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघालो तो हा प्रश्न घेऊनच; भक्तीबिक्ती फारशी नव्हती. ओळखीतून परभणीकडच्या एका दिंडीत नाव लागलं. भिशीचे पैसे भरले की दोन वेळची पंगत, राहुटीत अंथरुणापुरती जागा आणि ट्रकमध्ये वळकटी टाकायची सोय.

दिंडीतल्या एक आजी माझ्या पुढच्या ओळीत चालायच्या. सोयाबीन पेरून आलेल्या. दिवे घाट चढताना बाकीचे ‘ज्ञानोबा-तुकाराम’च्या गजरात बेभान, आणि ह्या कडेला थांबून मुलाला फोन लावताहेत, “पडला का रं?” सासवड, जेजुरी, वाल्हे, प्रत्येक तळावर हीच चौकशी. लोणंदला आम्हाला पावसानं झोडपलं, अंथरुणं भिजली. त्यांच्या गावाकडे मात्र थेंब नाही. मी म्हणालो, “आजी, विठोबाला घाला की साकडं.”

“त्याला काय सांगायचं? दिसतंय की त्याला. नाहीच उगवलं तर दुबार पेरायचं.” एवढं बोलून त्या हरिपाठाला गेल्या.

‘देवावर सोडलं’ म्हणणारा माणूस हात झटकून मोकळा होतो, असा माझा समज होता. ह्या बाईंनी काहीच सोडलेलं नव्हतं. काळजी काळजीच्या जागी, नेम नेमाच्या जागी.

आणखी एक गोष्ट मी रोज संध्याकाळी बघायचो, ती म्हणजे समाज आरती. पालखी तळावर येते, दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड उंच करतो आणि ओरडतो, “होऽऽ!” क्षणात सगळं गप्प. इतकं गप्प की लांबच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकू याव्यात. अशा वेळी एखादी दिंडी मुद्दाम टाळ वाजवत राहिली, तर तिची काहीतरी तक्रार आहे असं समजायचं. मग चोपदार तिच्याकडे चालत जातो, ऐकून घेतो, समजूत काढतो. तोवर सगळा समाज उभा. एकदा आमच्याच दिंडीनं टाळ चालू ठेवले. पाण्याच्या टँकरवरून काहीतरी बिनसलं होतं. चोपदारानं ऐकून घेतलं, टाळ थांबले. पुढे हरवल्या-सापडल्या वस्तूंची यादी, उद्या निघायची वेळ, आणि मग आरती.

हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावली. पोलिसांना जमणार नाही ती शांतता त्या एका दंडानं होते. पण तक्रार असलेल्यानं वाजवत राहायचं, हेही त्याच शिस्तीत बसतं. मला तरी आधार म्हणतात तो इथे दिसला, कपाळावरच्या बुक्क्यात नाही.

वारीत सगळं गोडच असतं असं नाही. चपला चोरीला जातात, पंगतीत ढकलाढकली होते, तळ उठल्यावर मागे काय राहतं ते त्या त्या गावानं निस्तरायचं. आणि पंढरपुरात महाद्वारात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. त्यांच्या जातभाईंना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावं लागलं. दार अडवून उभे होते तेही स्वतःला विठोबाचे भक्तच म्हणवत होते. श्रद्धेवर कौतुकानं बोलणाऱ्यांनी हे साल विसरू नये.

आजी चंद्रभागेत बुडी मारून आल्या, चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकलं, मान वर करून कळस पाहिला आणि म्हणाल्या, “झालं.” दर्शनाची रांग गोपाळपूरकडे लांबच लांब गेलेली. इतकं चालून यायचं आणि मूर्तीसुद्धा बघायची नाही, हे मला पटेना. त्यांना एसटी गाठायची घाई होती. आदल्या रात्री गावाकडे पाऊस झाला होता आणि मुलगा एकटा होता.

श्रावणात मी फोन केला. तो पाऊस उशिराच आला होता. अर्धं रान दुबार पेरावं लागलं, बियाणं उसनं आणून. कर्जाचं, खताच्या भावाचं बराच वेळ बोलल्या. मग म्हणाल्या, “भिशीला पुढल्या सालचं नाव सांगितलंय. तुमचं सांगू का?”