मंद मीटरची बाकी

सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर आमचे माधवनगर येते. येथील लहान यंत्रमागधारकांपैकी पुष्कळसे ‘खर्चीवाले’ आहेत. म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, विणलेले कापडही व्यापाऱ्याचेच, आणि मधले विणकाम तेवढे यांचे, ज्याची मजुरी पिकाच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने पैशांत ठरते. त्या मजुरीतून कामगारांचा पगार, धोट्यापासून पट्ट्यापर्यंतचे सुटे सामान आणि विजेचे बिल भागवून जे काही शिल्लक राहील तेच घरी न्यायचे; आणि एकदा तागा व्यापाऱ्याच्या गोदामात जाऊन मजुरी हातात पडली की त्या कापडापोटी मागाहून एक पैसाही वाढवून मागण्याची सोय नाही. हे प्रारंभीच सांगतो, कारण पुढील हकिकतीतील न्याय-अन्यायाचा निवाडा याच गोष्टीवर अवलंबून आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या आप्पांच्या शेडमध्ये वीज कंपनीचे तपासणी पथक आले. माग चालू ठेवून त्यांनी मीटरच्या तारांना ॲक्युचेक यंत्राचे चिमटे लावले, मीटरवरील लाल दिव्याची उघडझाप मोजली, आणि दोन्ही नोंदी ताडून पाहिल्यावर मीटर बरेच मंद चालत असल्याचे कागदावर मांडले. सील शाबूत होते आणि तसा उल्लेख पंचनाम्यातही केला गेला. मीटर काढून प्रयोगशाळेत गेले, तेथेही मंदगतीचा निष्कर्ष कायम राहिला, आणि पुढल्या बिलात मागील दीड वर्षाचा फरक एकरकमी आकारून आला. सोबत पुरवठा तोडण्याची नोटीस होती.

मी आयुष्यभर गिरणीच्या कचेरीत हिशेबनिशी केलेली. म्हणून आप्पा ते कागद घेऊन माझ्याकडे आले. ओट्यावर बसण्याआधीच म्हणाले, “दादा, म्या चोरी केली न्हाई. मग ह्यो दंड कशापायी?”

त्यांच्या भीतीचे मूळ मला समजत होते. विद्युत अधिनियम, २००३ मध्ये अनधिकृत वापराच्या आकारणीसाठी कलम १२६ आणि वीजचोरीसाठी कलम १३५ आहे, आणि गावात पथक आले म्हणजे लोक या दोहोंपलीकडे विचार करीत नाहीत. परंतु आप्पांच्या बिलात या दोन्ही कलमांचा उल्लेख नव्हता. दोष यंत्राचा होता, यंत्र कंपनीचे होते, आणि त्याची वेळोवेळी तपासणी करण्याची जबाबदारीही कंपनीचीच होती. प्रश्न एवढाच उरला, की अशा दोषाची भरपाई ग्राहकाकडून किती मागपर्यंतची घ्यावी.

याचे उत्तर कंपनीने द्यायचे नसून नियामकाने द्यायचे असते, ही व्यवस्था आपल्याकडे फार जुनी नाही. १९६० साली स्थापन झालेले राज्य विद्युत मंडळ वीज निर्माण करी, वाटी, आणि १९४८ च्या कायद्यान्वये तिचे दरही स्वतःच ठरवी. विक्रेता आणि दराचा हुकूम काढणारा असे दोन्ही अधिकार एकाच दप्तरात होते. १९९८ च्या कायद्याने राज्यांना नियामक आयोग नेमण्याची मुभा मिळाली, आणि १९९९ च्या ऑगस्टात महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग अस्तित्वात आला. तेव्हापासून दराचा प्रस्ताव प्रसिद्ध होतो, त्यावर कोणालाही हरकत घेता येते, जाहीर सुनावणी होते आणि त्यानंतरच आदेश निघतो. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी आणि मुंबई ग्राहक पंचायतीने त्या सुनावण्यांतून आकडेवारीची जी चिकित्सा केली, तिच्यामुळे गळतीचे आणि खर्चाचे हिशेब लोकांपुढे मांडावे लागले. सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र आयोगाचे दुसरे काम अधिक येते: पुरवठ्याच्या अटी लिहिणे. २००५ च्या वीजपुरवठा संहितेत विनियम १५.४.१ होता. मीटर सदोष आढळल्यास, ज्या महिन्यात वाद उद्भवला त्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचे बिल तपासणीच्या निष्कर्षानुसार दुरुस्त करावे, असे तो सांगे.

तो मजकूर वाचून दाखवला तेव्हा आप्पांना प्रथम खरेच वाटेना. परंतु नोटिशीची मुदत पंधरा दिवसांची होती आणि माग थांबवणे परवडणारे नव्हते. सबब आधी कलम ५६ कडे वळावे लागले. त्यात अशी तरतूद आहे, की रक्कम वादग्रस्त असल्यास मागितलेली संपूर्ण रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारे मासिक बिल, यांतील जी कमी असेल ती ग्राहकाने निषेधासह भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. आम्ही सरासरी भरली, पावतीची प्रत कंपनीच्या अंतर्गत तक्रार कक्षाकडे केलेल्या अर्जाला जोडली आणि आवक शिक्क्यासह दुसरी प्रत घरी ठेवली. त्या शिक्क्यावाचून पुढची एकही पायरी चढता आली नसती.

त्या कक्षाने दाद दिली नाही. म्हणून ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे गेलो. तेव्हाच्या २००६ च्या विनियमांत मंचापुढे वकील उभा करण्यास मनाई होती. ग्राहकाने स्वतः बोलावे किंवा वकील नसलेल्या कोणालाही अधिकारपत्र द्यावे, असा नियम होता. त्यामुळेच माझ्यासारखा निवृत्त हिशेबनीस तेथे कैफियत मांडू शकला, आणि गरिबाच्या दृष्टीने ही तरतूद मला अत्यंत मोलाची वाटते. मंचाच्या तीन सभासदांत एक कंपनीचाच अधिकारी असे आणि मंचाचा खर्चही कंपनीच करी, ही रचना मात्र मला तेव्हाही सदोष वाटत होती.

सुनावणीत कंपनीच्या अभियंत्याने जो युक्तिवाद केला तो हलका नव्हता. ते म्हणाले, वीज प्रत्यक्ष वापरली गेली आहे, तिच्यावर कापड विणले गेले आहे, आणि हा पैसा येथे सोडला तर तो दराच्या रूपाने इतर ग्राहकांच्या माथी बसेल. शिवाय कलम ५६ च्या पोटकलम २ ने दोन वर्षांपर्यंतची बाकी वसूल करण्याचा अधिकार दिला आहे, आणि ही बाकी दीडच वर्षाची आहे. मी उत्तरादाखल एवढेच मांडले, की दोन वर्षांची मुदत ही देणे झालेल्या रकमेच्या वसुलीची बाहेरची हद्द आहे, आणि सदोष मीटरचे देणे किती हे ठरवण्यासाठी आयोगाने वेगळा नियम केलेला असताना तो बाजूला सारता येणार नाही. मग आप्पांच्या मजुरीच्या चिठ्ठ्या समोर ठेवल्या. दीड वर्षातल्या प्रत्येक ताग्याची मजुरी हाती आलेल्या बिलाचा अंदाज धरून ठरली होती आणि तो व्यवहार केव्हाच पुरा झाला होता. मीटर दर वर्षी तपासले असते तर हा फरक इतका साचला नसता. इतर ग्राहकांवर बोजा पडू नये हे मलाही मान्य आहे. परंतु तो टाळण्याचा उपाय तपासणी वेळेवर करणे हा आहे, तिच्या अभावाची किंमत एका विणकऱ्याकडून वसूल करणे हा नव्हे.

अध्यक्षांनी प्रयोगशाळेचा अहवाल, सील शाबूत असल्याची नोंद आणि निषेधासह भरल्याची पावती अशा क्रमाने कागद पाहिले, आणि मुदतीत निकाल दिला: आकारणी तीन महिन्यांपुरती, तपासणीत आढळलेल्या प्रमाणात, आणि तीही व्याजाशिवाय हप्त्यांनी. विरुद्ध निकाल लागता तर आम्हांला साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता आले असते. ते दार केवळ ग्राहकासाठी असते, कंपनीला उच्च न्यायालय गाठावे लागते. कंपनीने तसे काही केले नाही.

ती संहिता आता राहिली नाही. २०२१ मध्ये आयोगाने नवी आणली, आणि मंचाचे विनियमही त्याच्या आदल्या वर्षी बदलले. कोणाचे असे बिल आले की मी आधी चालू विनियमाची प्रत काढून पाहतो.

आप्पांनी हप्ते वेळेवर फेडले. नवे मीटर बसल्यावर त्यांचे मासिक बिल स्वाभाविकच वाढले, तेव्हा पुढची मजुरी ठरवायला ते व्यापाऱ्याच्या पेढीवर गेले ते नव्या मीटरची तीन बिले खिशात घालून. बोलणी दोन दिवस चालली, आणि अखेर पिकामागे थोडी वाढ त्यांनी मिळवली.