काळं लुगडं

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी १८५७ वर नाटक बसवायचं होतं. नागपूरची राणी बाकाबाई भोसले हिचा प्रवेश मी एका बैठकीत लिहून काढला. काळं लुगडं, मोकळे केस, इंग्रज साहेबाशी कुजबुज. वाचलं काहीच नव्हतं. नागपूरच्या इतवारीत वाढलेल्याला ते वाचावं लागतच नाही. तान्ह्या पोळ्याला काळी मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, मिरवत निघते, रोगराईपासून महागाईपर्यंत सगळं घेऊन जा म्हणून लोक तिच्यावर ओरडतात आणि शेवटी तिला जाळतात. ती म्हणजे फितूर बाकाबाई, असं बाबा मला खांद्यावर घेऊन सांगायचे. ही परंपरा १८८१ पासूनची सांगतात. बाकाबाई वारली १८५८ मध्ये.

गंमत म्हणजे एम.ए.ला मानसशास्त्र होतं माझं. १९५८ मधला स्टाट्स दांपत्याचा प्रयोग मी घोकून पेपरात लिहिला होता. ‘डच’, ‘स्वीडिश’ अशा नावांपैकी एकासोबत चांगले शब्द ऐकवले, दुसऱ्यासोबत वाईट. ऐकणाऱ्यांची आवड-नावड तशीच झुकली. डच माणसाने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

बाकाबाईने १८५७ मध्ये इंग्रजांच्या बाजूने वजन टाकलं, हे खरंच आहे. पण १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावर इंग्रज वाड्यातलं सामान लिलावासाठी बाहेर काढू लागले, तेव्हा याच म्हाताऱ्या राणीने वाडाच पेटवून देण्याची धमकी दिली होती, अशी नोंद इंग्रज इतिहासकार के याने केली आहे. ती मी वाचली नाटक होऊन गेल्यावर.

तेही एक वेळ चाललं असतं. भूमिकेसाठी मात्र मी माझ्या वर्गातली सर्वांत सावळी मुलगी उभी केली. विचार करून नाही; तिचंच नाव तोंडात आलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून ती ‘मारबत’ झाली.

तिची आई भेटायला आली. “मॅडम, पोरीले सारे मारबत म्हणतात जी. काहून दिला तिले तो पार्ट?” मी उत्तर दिलं नाही, वर्गावर गेले आणि दम भरला: “हिला मारबत म्हणायचं नाही!” तिच्याकडे बोट दाखवून. ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही कळलं.

पुढच्या वर्षी तिला जिजाऊ दिली. चांगल्या नावाशी जोडली की वाईट धुऊन निघेल, असं माझं पुस्तकी गणित. तालमीत मागून आवाज आला, “मारबत जिजाऊ झाली!” काम तिने झकास केलं. नाव दहावीपर्यंत टिकलं.