सूर्याचे शेपटीवाले भक्त

इजिप्तच्या कलेत सूर्य आणि प्राणी म्हटले की लोकांना ससाणा आठवतो, नाहीतर शेणकिडा. ससाण्याच्या डोक्यावर सूर्यबिंब ठेवले की झाला रा-होराख्ती. शेणाचा गोळा ढकलत नेणारा किडा म्हणजे उगवता सूर्य, खेप्री. पण ही दोघे स्वतःच देव. माझा जीव अडकलाय तो भक्तात, म्हणजे बबून माकडात.

अबू सिंबेलच्या मोठ्या देवळासमोर दुसऱ्या रामसेसच्या चार बैठ्या मूर्ती आहेत, प्रत्येकी सुमारे २० मीटर उंच. त्यांच्यावरून नजर हटत नाही, म्हणून माथ्यावरची रांग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तिथे २२ बबून पूर्वेकडे तोंड करून, तळवे उंचावून बसलेत. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला किरण थेट गाभाऱ्यात पोचतो, तेव्हा पर्यटकांची झुंबड उडते. माकडांना ऊन रोजच भेटते, आणि तेही सर्वांआधी.

याच रामसेसने लुक्सरच्या देवळापुढे दोन ओबेलिस्क उभारले. त्यांच्या पायथ्याशीही बबून होते, मागच्या पायांवर उभे आणि आपले नरपण अजिबात न लपवणारे. त्यातला एक ओबेलिस्क १८३६ मध्ये पॅरिसच्या चौकात दिमाखात उभा राहिला. बबून मात्र तिथल्या सभ्य मंडळींना झेपेनात. त्यांची रवानगी लूव्र संग्रहालयात झाली. इजिप्तच्या शिल्पकाराला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

पण बबूनच का? हमाद्र्यास जातीचे हे माकड रात्री कड्यांवर झोपते. सकाळी कळप उन्हात अंग शेकत बसतो आणि गलका करतो. इजिप्तच्या लोकांनी त्या गलक्यात स्तोत्र ऐकले. तुतनखामुनच्या थडग्यात पश्चिमेच्या भिंतीवर बारा बबून आहेत, एकेका चौकटीत एकेक. रात्रीच्या प्रवासाला निघालेल्या सूर्याच्या नावेजवळ.

गंमत अशी, की त्या काळी इजिप्तच्या रानात हा प्राणी नव्हताच. तो पुंत देशाहून गलबतातून येई. दैर अल-बाहरीला राणी हत्शेप्सुतच्या देवळात त्या सफरीची शिल्पे आहेत, त्यात जहाजावर माकडे बागडताना दिसतात. ममी केलेल्या बबूनांच्या अवशेषांतील स्ट्राँशियम तपासून २०२० मध्ये संशोधकांनी त्यांचे मूळ आजच्या इरिट्रिया, इथिओपिया, सोमालियाच्या पट्ट्यात असल्याचे दाखवले. म्हणजे कड्यावरची ती सकाळ फार थोड्या शिल्पकारांनी स्वतः पाहिली असेल. बाकीच्यांसमोर असणार ते देवळात पाळलेले माकड.

आणि त्या माकडांचे हाल हाडांवरून वाचता येतात. सक्कारा आणि तुना अल-गबल इथल्या भुयारांत पुरलेल्या बबूनांत मुडदूस आढळतो: हाडे वाकलेली, वाढ खुरटलेली. आहार निकृष्ट आणि ऊन अपुरे, असे निदान तज्ज्ञ करतात. सूर्याच्या भक्तांना बंद आवारात कोंडले होते! काही ममींचे सुळेही काढलेले आहेत. पुजाऱ्यांना चावण्याची भीती असावी.

अर्थात सक्काराची ही भुयारे रामसेसच्या कितीतरी शतकांनंतरची, तेव्हा अबू सिंबेलच्या कारागिरांवर याचा ठपका नको. पण भुयारांच्या काळातल्या फायान्सच्या आणि ब्राँझच्या बबूनमूर्ती पाहा. खांदे भरदार, आयाळ झुपकेदार. मूर्तिकाराने समोरचे माकड पाहिलेच नाही. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला नमुनाच पुन्हा घडवला, असे माझे मत आहे.