शंभर मीटरांची हद्द

जुन्या इमारती कोण पाडतो, असें वर्गांत विचारलें, तर मुलें बहुधा एकच उत्तर देतात : ऊन, पाऊस आणि अडाणी माणसें. आमच्या वऱ्हाडाचा इतिहास मात्र थोडें निराळें सांगतो. मेळघाटांतील गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीच्या फौजेनें घेतला. त्या लढाईंतून जें उरलें होतें तें १८५८ सालीं सरकारनेंच निकामी करविलें. अकोल्यास असदखानानें १६९७ सालीं तटबंदी केली. तिचा बराच भाग १८७० च्या सुमारास सरकारी हुकुमानेंच उतरविण्यांत आला. खेडुतानें चूल मांडण्यासाठीं चार दगड उचलून नेले असतील, नाहीं असें नाहीं. पण तट पाडण्याचें बळ त्याच्या पहारेंत नव्हतें. असदगडाच्या मधल्या हवाखान्यांत शाळा भरत असल्याची नोंद १९१० च्या गॅझेटियरांत सांपडते. तेथें पाढे घोकणाऱ्या मुलांनीं त्या भिंतींस काय वाटून घेतलें असेल, असें शिक्षकाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

पुढें लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दींत, १९०४ सालीं, प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ सालीं मध्यवर्ती सरकारनें नवा कायदा केला आणि १९६० सालीं महाराष्ट्रानें आपला स्वतंत्र केला. गाविलगड, नरनाळा, बाळापूरचा किल्ला, तेथील मिर्झा राजा जयसिंगाच्या नांवाची छत्री, पातूरचीं लेणीं, बार्शीटाकळीचें देऊळ हीं सर्व मध्यवर्ती सरकारच्या संरक्षणाखालीं आहेत. पाडणारा तोच आतां राखणदार झाला, हें बरेंच झालें. परंतु राखण करतांना शेजाऱ्याशीं कसें वागावें, हा प्रश्न उरतोच, आणि मला तोच खरा महत्त्वाचा वाटतो.

नरनाळ्यासारख्या अरण्यांतल्या गडाला शेजारी कोण? वाघ आणि अस्वलें. इमादुल्मुल्कानें १४८७ त उभारलेल्या महाकाळी दरवाजाजवळ कोणी माडी चढविणार नाहीं. तेथें भीति काय ती खिळ्यानें आपलें नांव कोरणाऱ्या सहलीच्या मंडळींची. (आमचीही सहल तेथें जाते, म्हणून हें वाक्य येथें मुद्दाम लिहिलें आहे. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.) बाळापूरची गोष्ट तशी नाहीं. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या बेचक्यांत आझमशहानें आरंभिलेला व एलिचपूरच्या इस्माईलखान नबाबानें १७५७ सालीं पुरा केलेला तो किल्ला भर वस्तीचा शेजारी आहे. आणि वस्ती म्हटली कीं मुलांचीं लग्नें आलीं, वांटण्या आल्या, वाढीव खोली आली.

मीं हा धडा नववीच्या वर्गांत घेतला, तेव्हां फळ्यावर एक चौकोन काढला. संरक्षित जागेच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंतचा पट्टा निषिद्ध : तेथें नवें बांधकाम करतां येत नाहीं. त्यापुढचा दोनशे मीटरांचा पट्टा नियंत्रित : तेथें परवानगी घेऊन बांधतां येतें. हीं अंतरें प्रथम १९९२ च्या अधिसूचनेनें ठरलीं आणि २०१० च्या दुरुस्तीनें कायद्यांत आलीं. आपल्या मैदानावर शंभर मीटरांची शर्यत जेवढी धांवतां, तेवढा पहिला पट्टा, असें सांगतांच सर्वांस तो कळला. एका मुलास तो फारच चांगला कळला. तो उठून म्हणाला, “सर, मंग आमच्या बाबांनं वर खोली बांधाचीच नाही काय?”

वर्ग हंसला. मला हंसूं आलें नाहीं. गडाची शोभा सर्व देशाची आणि न बांधलेली खोली एका घराची, हा हिशेब त्या पोरानें एका वाक्यांत मांडला होता. त्याला जें सांगितलें तें येथें पालकांसाठींही लिहितों. १६ जून १९९२ पूर्वीं उभें असलेलें घर निषिद्ध पट्ट्यांत असलें, तरी त्याची दुरुस्ती करतां येते. मात्र सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. गटारें, नळ, वीज यांच्या कामांस या कायद्यानें बांधकामांत धरलेलें नाहीं. परंतु निषिद्ध पट्ट्यांत मजला चढविणें हें दुरुस्तींत येत नाहीं. तेथें उत्तर ‘नाहीं’ असेंच आहे, आणि तें गोड शब्दांत बुडवून सांगणें मला योग्य वाटलें नाहीं.

याच २०१० च्या दुरुस्तीनें आणखी एक गोष्ट आणली आहे. प्रत्येक संरक्षित स्मारकासाठीं त्या त्या जागेपुरते निराळे उपनियम करावयाचे असतात, कारण डोंगरावरचा गड आणि गल्लींतली छत्री यांस एकच माप लावणें शहाणपणाचें नव्हे. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर लोकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. आमचे लोक तेथें बहुधा गप्प राहतात आणि मग नोटीस आल्यावर रागावतात. सरकारकडूनही स्मारकापाशीं निळा फलक लागतो. पण हद्द जमिनीवर नेमकी कोठें आहे, हें शेजाऱ्यास समजेल अशा मराठींत व नकाशासह सांगण्याची तत्परता मला क्वचित् दिसली. ज्याच्याकडून आपण खोलीचा त्याग मागतों, त्याला निदान उत्तर तरी लवकर व लेखी मिळावें, येवढें मागणें अवाजवी नाहीं.

त्या आठवड्याच्या निबंधाऐवजीं मीं वर्गाला अर्ज लिहावयास दिला. कित्येकांनीं किल्ल्याच्या थोरवीवर दोन दोन पानें भरलीं. त्या मुलाचा अर्ज साडेचार ओळींचा होता : आमचें घर अमुक गल्लींत आहे, किल्ला आम्हांस पाडावयाचा नाहीं, परंतु शंभर मीटर कोणत्या दगडापासून मोजावयाचे, तो दगड कृपा करून आमच्या वडिलांना दाखवावा. मीं त्यांतल्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या आणि तो कागद वडिलांना नेऊन दाखविण्यास त्याला परत दिला.